घरच्या कोंबड्या: अंडी, मांस आणि पिल्ले यांविषयी बेळगाव सीमाभागात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रथमच कोंबड्या पाळायच्या असतील, तर किती घ्याव्यात?

चार-पाच माणसांच्या घराला आठ ते दहा कोंबड्या आणि एक कोंबडा एवढे पुरेसे होते. परड्यात मोकळ्या फिरणाऱ्या इतक्या पक्ष्यांना घरातील खरकटे, निवडलेल्या धान्यातील कणी आणि गोठ्यामागच्या उकिरड्यावरील किडे यांतून बरेचसे खाद्य मिळते, त्यामुळे विकतच्या खाद्याचा खर्च आवाक्यात राहतो. एकदम पन्नास पिल्ले आणणाऱ्यांचा हिशेब बहुधा पहिल्या दोन महिन्यांतच कोलमडतो, कारण तेवढ्यांना परडे पुरत नाही, सगळे खाद्य विकत घ्यावे लागते आणि रोग शिरला तर एकाच आठवड्यात खुराडे रिकामे होते. दहा पक्षी एक वर्ष जगवता आले की पुढची वाढ त्यांच्याच अंड्यांतून करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

जवारी कोंबडी पाळावी की गिरिराज, स्वर्णधारा यांसारखी सुधारित जात?

जवारी, म्हणजे गावठी, कोंबडी वर्षाला साधारण ५० ते ७० अंडी देते, तीही तीन-चार टप्प्यांत, आणि तिचे अंडे सुमारे ४० ग्रॅमचे असते. मात्र ती स्वतः खुडूक होऊन अंडी उबवते, पिल्ले सांभाळते, घारीची सावली दिसताच आवाज देऊन त्यांना पंखांखाली घेते आणि स्वतःचे अन्न स्वतः शोधते. गिरिराज आणि स्वर्णधारा या जाती बंगळुरूच्या हेब्बाळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयात परसातील पालनासाठीच विकसित करण्यात आल्या. गिरिराज कोंबडी वर्षाला सुमारे १३० ते १५० अंडी देते, स्वर्णधारा त्याहून अधिक देते, आणि या दोन्हींचे कोंबडे जवारीपेक्षा बरेच लवकर वजन धरतात. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेच्या वनराजा आणि ग्रामप्रिया या जातीही याच प्रकारात मोडतात. त्यांपैकी वनराजा मांस व अंडी दोन्हींसाठी, तर ग्रामप्रिया मुख्यतः अंड्यांसाठी घेतली जाते.

दोन गोष्टी मात्र आधीच समजून घ्याव्यात. सुधारित जातीच्या कोंबड्या सहसा खुडूक होत नाहीत. शिवाय या जाती संकरातून तयार झालेल्या असल्यामुळे त्यांची अंडी घरी उबवली, तर पुढच्या पिढीत आईबापांचे गुण तसेच्या तसे उतरत नाहीत आणि पिल्ले रंगाने, वजनाने व अंड्यांच्या संख्येने एकमेकांपासून फार वेगळी निघतात. म्हणून पैदास करायची असेल, तर कळपात निदान तीन-चार जवारी कोंबड्या असल्याच पाहिजेत. अंड्यांसाठी सुधारित तलंगा (तरुण कोंबड्या) आणि उबवणीसाठी जवारी, अशी जोडणी आपल्याकडील घरांना सर्वांत सोयीची पडते.

कडकनाथविषयीही पुष्कळ विचारणा होते. हा मूळचा मध्य प्रदेशातील झाबुआ भागातला काळ्या मांसाचा पक्षी असून २०१८ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तो काटक आहे, परंतु त्याची वाढ सावकाश होते आणि अंडीही मध्यमच मिळतात. गिऱ्हाईक आधी निश्चित झाले असेल, तरच तो घ्यावा.

दारावर येणारी रंगीत पिल्ले घ्यावीत का?

घेऊ नयेत. टोपलीतून विकली जाणारी लाल, हिरवी, गुलाबी पिल्ले बहुतेक वेळा अंड्यांच्या व्यावसायिक जातीतील नको असलेली नर पिल्ले असतात. ती लस न दिलेली, प्रवासाने दमलेली आणि ऊब न मिळालेली असतात, आणि आणलेला रोग ती घरच्या पक्ष्यांना देऊन जातात. पिल्ले सरकारी कुक्कुट केंद्रातून, खात्रीच्या उबवणी केंद्रातून किंवा ओळखीच्या घरातून आणावीत. आणताना पहिल्या दिवसाची मरेक्स या रोगावरची लस दिली आहे का, हे विचारावे. महिनाभराची वाढवलेली पिल्ले मिळत असतील तर थोडे जास्त पैसे द्यावे लागले तरी नवशिक्याने तीच घ्यावीत.

खुराडे कसे बांधावे?

बेळगाव जिल्ह्यात एकच नमुना सर्वत्र चालत नाही. जांबोटी, कणकुंबी, लोंढा या बाजूला पाऊस वाऱ्याबरोबर आडवा मारतो, तर अथणी, चिकोडीकडे उन्हाचा त्रास अधिक होतो. खानापूर तालुक्यातील घरांनी खुराडे जमिनीपासून दीड-दोन फूट उंच, दगडी किंवा लाकडी खांबांवर उभारावे, पश्चिमेची बाजू पूर्ण बंद ठेवावी आणि छपराची पागोळी निदान दोन-तीन फूट पुढे काढावी. मंगळुरी कौले सर्वांत चांगली. पत्रा घातलाच तर त्यावर भाताचे काड पसरावे. कोरड्या पूर्व भागात उलट दोन्ही लांब बाजू जाळीच्या ठेवाव्यात आणि खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम धरावी, म्हणजे ऊन आत कमी येते.

रात्रीच्या मुक्कामापुरते खुराडे असेल तर एका पक्ष्याला दीड ते दोन चौरस फूट जागा पुरते. आत बसायला दोन इंच रुंदीच्या गोल कडांच्या दांड्या लावाव्यात, दर चार-पाच कोंबड्यांमागे एक फूट लांबी-रुंदीचे अंड्याचे खोके ठेवावे आणि त्यात सुके गवत घालावे. जमिनीवर भाताच्या तुसाचा दोन-तीन इंचांचा थर द्यावा. तो ओला झाला की लगेच बदलावा.

जाळीवर मात्र काटकसर करू नये. मुंगूस, रानमांजर आणि उदमांजर सैल जाळी ओरबाडून आत शिरतात, तर साप अंडी आणि पिल्ले गिळण्यासाठी अगदी लहान फटीतून येतो. अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी खालपर्यंत न्यावी, ती निदान सहा इंच जमिनीत पुरावी आणि दाराला कडी लावावी, कारण नुसता दगड टेकवलेले दार मुंगूस सहज सरकवतो. एकाच रात्रीत सगळा कळप गेल्याच्या ज्या हकीकती गावोगाव ऐकू येतात, त्यांतील बहुतेकांचे मूळ संध्याकाळी न लावलेल्या दारात असते.

खाद्य काय आणि किती द्यावे?

अंड्यावर आलेली कोंबडी दिवसाला ११० ते १२० ग्रॅम खाते. मोकळी फिरणारी असेल तर त्यातील बराच भाग ती बाहेरून मिळवते, त्यामुळे संध्याकाळी परत येताना मूठभर धान्य पुरते, आणि त्या सवयीने ती अंधार पडण्यापूर्वी घरीही येते. मका, जोंधळा, तांदळाची कणी आणि भाताचा कोंडा यांनी पोट भरते, परंतु अंडे बनण्यासाठी प्रथिने लागतात. त्यासाठी शेंगदाण्याची किंवा सोयाबीनची पेंड मिसळावी. अंदाजाने सांगायचे, तर दहा किलो मिश्रणात साडेपाच किलो मका किंवा जोंधळा, दीड किलो कोंडा, दोन किलो पेंड आणि उरलेला भाग शिंपल्यांचा चुरा व क्षारमिश्रणाचा असावा. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यातही ठेवता येतो, कोंबडी गरजेपुरता खाते. अंड्यांची टरफले द्यायची असतील तर भाजून बारीक करूनच द्यावीत, नाहीतर कोंबड्यांना स्वतःचीच अंडी फोडून खाण्याची सवय लागते.

सोयाबीन आपल्या शिवारात मुबलक पिकते, म्हणून पुष्कळजण ते कच्चेच भरडून घालतात. कच्च्या सोयाबीनमधील काही घटक प्रथिनांच्या पचनात अडथळा आणतात. ते नीट भाजल्याशिवाय कधीही देऊ नये. बुरशी आलेला मका किंवा कुबट वासाची शेंगदाणा पेंड याहून घातक असते, कारण त्यातील विष यकृतावर बसते आणि पक्षी हळूहळू खंगतात. पावसाळ्यात भिजलेला मका ‘कोंबड्यांना चालेल’ म्हणून बाजूला काढण्याची जी पद्धत आहे, ती म्हणूनच सोडली पाहिजे. पेरणीतून उरलेले औषध लावलेले बियाणे तर कोंबड्यांच्या नजरेसही पडू देऊ नये. उसात किंवा भातात फवारणी झाल्यावर निदान काही दिवस त्या बाजूला कोंबड्या सोडू नयेत.

पिल्लांसाठी सुरुवातीचे सहा-आठ आठवडे बाजारातील चिक स्टार्टर हे पिल्लांचे तयार खाद्य घेणेच योग्य. त्यात २० ते २२ टक्के प्रथिने असतात आणि घरी ते प्रमाण जमवणे अवघड जाते. पाणी खाद्याच्या दुप्पट लागते, उन्हाळ्यात त्याहून अधिक. शेवग्याचा पाला, लसूणघास, अझोला ही पाण्यावर वाढणारी वनस्पती आणि जुन्या लाकडावरची वाळवी ही उत्तम पूरके आहेत.

खुडूक कोंबडीखाली अंडी कशी बसवावीत?

रवण घालणे, म्हणजे खुडूक कोंबडीखाली अंडी बसवणे, हे आपल्याकडील बायकांचे पिढ्यांचे ज्ञान आहे आणि त्यातील बहुतेक गोष्टी आजही बरोबर ठरतात. कोंबडी खरोखर खुडूक झाली आहे का, हे आधी दोन दिवस पाहावे. हात नेला की ती पिसे फुलवून गुरगुरते, रात्रीही खोक्यातून उठत नाही आणि पोटाची पिसे उपटते. मग रात्रीच्या वेळी तिला शांत, अंधाऱ्या कोपऱ्यात डालग्याखाली बसवावे. जवारी कोंबडीच्या अंगाखाली दहा ते बारा अंडी मावतात. त्यापेक्षा जास्त घातली तर कडेची अंडी आळीपाळीने गार होतात आणि सगळ्यांचेच नुकसान होते.

अंडी सात दिवसांच्या आतील, मध्यम आकाराची, न तडकलेली आणि न धुतलेली असावीत, कारण धुतल्याने टरफलावरचे संरक्षक आवरण निघून जाते. साठवताना त्यांचे निमुळते टोक खाली ठेवावे आणि जागा थंड असावी. थंडीच्या दिवसांत बेळगावच्या घरातील सावलीची खोली यासाठी चांगली, फ्रिज नव्हे. सगळी अंडी एकाच दिवशी बसवावीत. आज चार, परवा तीन अशी घातली तर पहिली पिल्ले निघताच कोंबडी उठते आणि मागची अंडी वाया जातात.

सातव्या दिवशी रात्री मोबाइलच्या बॅटरीवर अंडे धरून पाहावे. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर गर्भ जिवंत आहे. अंडे स्वच्छ पारदर्शक दिसले तर ते फळलेले नाही, ते काढून घ्यावे. कोंबडीला रोज एकदा पंधरा-वीस मिनिटे उठवून खाऊ-पिऊ घालावे व विष्ठा टाकू द्यावी. एकविसाव्या दिवशी पिल्ले बाहेर येतात. त्या वेळी टरफल सोडवून ‘मदत’ करू नये, कारण पिल्लाच्या शरीरात ओढल्या जाणाऱ्या रक्तवाहिन्या तुटतात आणि ते रक्तस्रावाने मरते.

बसवण्याचा हंगामही महत्त्वाचा आहे. पश्चिमेकडील पावसाच्या पट्ट्यात ज्येष्ठ ते श्रावण या काळात रवण शक्यतो टाळावे. दसऱ्यानंतर बसवलेली अंडी चांगली फळतात, आणि त्यातील कोंबडे उन्हाळ्यातील गावच्या यात्रांपर्यंत विक्रीला तयार होतात.

उबवणी यंत्र घ्यावे का?

दहा-बारा कोंबड्यांसाठी गरज नाही. घेतलेच तर पंखा असलेल्या यंत्रात तापमान ३७.५ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ५५ ते ६० टक्के ठेवावी, अंडी दिवसातून निदान तीनदा फिरवावीत, अठराव्या दिवसापासून फिरवणे थांबवावे आणि शेवटचे तीन दिवस आर्द्रता ७० टक्क्यांच्या आसपास न्यावी. वीज गेल्यावर बॅटरीची सोय केलेली नसेल, तर पैसे वाया जातील.

आईविना पिल्लांना ऊब कशी द्यावी?

पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पातळीवर सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमान हवे, आणि पुढे दर आठवड्याला ते साधारण तीन अंशांनी कमी करत न्यावे. थर्मामीटर नसला तरी पिल्लेच सांगतात. दिव्याखाली एकमेकांवर चढून चिवचिवत असतील तर ऊब कमी आहे, दिव्यापासून दूर जाऊन चोच उघडून धापा टाकत असतील तर जास्त आहे, आणि सगळीकडे पसरून शांतपणे टिपत असतील तर योग्य आहे. येथे एक नेहमीची चूक होते. आता घरोघरी एलईडी दिवे असतात आणि त्यांचा नुसता उजेड पडतो, ऊब मिळत नाही. जुन्या तारेचा ६० किंवा १०० वॉटचा दिवा किंवा ऊब देणारा खास दिवाच लावावा लागतो. वीज गेल्यावर बंद खोलीत घमेल्यात कोळसे पेटवून ठेवल्यास विषारी वायूने पिल्लेच नव्हे, तर शेजारी झोपलेली माणसेही दगावू शकतात. त्याऐवजी गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून ठेवाव्यात.

कोणत्या लसी, कधी?

कोंबड्यांच्या नुकसानीमागील सर्वांत मोठे कारण म्हणजे राणीखेत, ज्याला आपण मानमोडी म्हणतो. कुमाऊँमधील राणीखेत या गावी १९२७ साली या रोगाची नोंद झाली आणि त्यावरूनच देशात त्याला हे नाव पडले. त्यावर औषध नाही, लस मात्र स्वस्त आणि खात्रीची आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा किंवा एफ-१ या राणीखेतच्या लशीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत द्यावा. चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरो या रोगाची लस आणि चौथ्या आठवड्यात लासोटाची दुसरी मात्रा द्यावी. सहाव्या-सातव्या आठवड्यात देवीची लस पंखाच्या पापुद्र्यात टोचतात. आठव्या आठवड्यानंतर राणीखेतची आर-२-बी ही लस टोचली की वर्षभराचे बरेच संरक्षण मिळते. नेमके वेळापत्रक जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून भागानुसार करून घ्यावे.

घरगुती पालकांची अडचण अशी की लशीची कुपी शंभर किंवा त्याहून अधिक पक्ष्यांची असते आणि एकदा फोडली की दोन तासांत संपवावी लागते. यावर गल्लीतील आठ-दहा घरांनी एकत्र येऊन एकाच सकाळी सगळ्यांच्या कोंबड्यांना लस द्यावी, हाच उपाय आहे. त्याचा दुसरा लाभही मोठा आहे, कारण शेजारच्या परड्यातील कोंबड्या लशीविना राहिल्या तर रोग तेथे मुरतो. कुपी दवाखान्यापासून घरापर्यंत बर्फ घातलेल्या थर्मासमधूनच आणावी आणि २ ते ८ अंशांत ठेवावी. खिशात घालून आणलेल्या लशीचा काही उपयोग होत नाही. आजारी पक्ष्याला लस देऊ नये.

मानमोडी आलीच तर काय करावे?

हिरवी पातळ हगवण, घरघर, माना वाकड्या होणे आणि एकामागून एक मरतूक अशी लक्षणे दिसताच आजारी पक्षी ताबडतोब वेगळे करावेत, मेलेले पक्षी ओढ्यात किंवा रस्त्याकडेला न फेकता चुना घालून खोल पुरावेत आणि खुराडे जंतुनाशकाने धुवावे. त्या काळात उरलेल्या कोंबड्या बाजारात विकणे म्हणजे दुसऱ्या गावात रोग पाठवणे होय, आणि ते कोणीही करू नये. पुष्कळ पक्षी अचानक, लक्षणे दिसण्यापूर्वीच मेले तर बर्ड फ्लूचीही शंका घ्यावी, मेलेल्यांना उघड्या हाताने स्पर्श करू नये आणि दवाखान्याला कळवावे. देशात तो प्रथम २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आढळला होता.

यात्रेच्या दिवसांत बाजारातून आणलेले कोंबडे घरच्या कोंबड्यांत कधीही मिसळू नयेत. नवीन पक्षी कोणताही असो, तो तीन आठवडे वेगळा ठेवावा.

पावसाळ्यात पिल्लांना रक्ती हगवण होते, आणि कोंबड्यांना उवा पडतात. उपाय काय?

रक्ती हगवणीचे मूळ ओल्या तुसात असते. जागा कोरडी ठेवली आणि पाण्याची भांडी विष्ठेपासून उंच टांगली की निम्मे काम होते. झालीच तर पशुवैद्याच्या सल्ल्याने अॅम्प्रोलियमसारखे औषध पाण्यातून द्यावे. जंतांचे औषध दर तीन महिन्यांनी द्यावे.

उवांसाठी परड्यात राख आणि कोरडी माती मिसळून एक खड्डा करून द्यावा, कोंबड्या त्यात लोळून अंग साफ करतात. निपाणी भागात खोक्यात तंबाखूची पाने किंवा भुकटी घालण्याची जुनी पद्धत आहे. निकोटीन पक्ष्यांनाही विषारी असते, त्यामुळे पिल्ले असलेल्या खोक्यात तंबाखू मुळीच घालू नये.

कोंबड्याशिवाय अंडी मिळतात का?

मिळतात. कोंबडा फक्त पिल्ले हवी असतील तरच लागतो. शहापूर, वडगाव, अनगोळसारख्या दाट वस्तीत पहाटेच्या आरवण्यावरून शेजाऱ्यांशी कुरबुर होण्यापेक्षा नुसत्या तलंगा पाळणे शहाणपणाचे आहे.

कोंबडीने अंडी देणे का थांबवले?

पीस झडण्याचा काळ, हिवाळ्यातील लहान दिवस, खुडूक होणे, जंत, उन्हाचा ताण किंवा खाद्यातील प्रथिने व चुना यांची कमतरता यांपैकी एखादे कारण असते. पूर्ण अंडी मिळण्यासाठी चौदा ते सोळा तास उजेड लागतो. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या कुंपणात किंवा काडाच्या गंजीत चोरून अंडी घालतात, तेही पाहून घ्यावे. दुसऱ्या वर्षानंतर अंडी कमी होणे स्वाभाविक आहे.

कोंबडीची खुडूक मोडायची असेल, तर तिला तीन-चार दिवस तळाला जाळी असलेल्या हवेशीर पिंजऱ्यात खाद्य-पाण्यासह ठेवावे. पाण्यात बुडवणे किंवा नाकपुडीतून पीस घालणे हे प्रकार क्रूर आहेत आणि ते बंद झाले पाहिजेत.

घरच्याच कोंबड्यांतून पैदास किती वर्षे चालवता येते?

आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो, परंतु तोच कोंबडा आपल्या मुली-नातींवर राहिला तर अंडी फळण्याचे प्रमाण घटते, पिल्ले कमजोर निघतात आणि वाकडी बोटे, वाकडी चोच असे दोष दिसू लागतात. म्हणून दर वर्षी किंवा फार तर दोन वर्षांनी कोंबडा बदलावा. यासाठी विकत घेण्याचीही गरज नाही. बेळवट्टीच्या घरातील कोंबडा नंदगडच्या पाहुण्यांकडे आणि त्यांचा आपल्याकडे, अशी अदलाबदल केली की दोन्ही कळपांचे रक्त बदलते. अंडी निवडताना जी कोंबडी जास्त अंडी देते, पिल्ले नीट सांभाळते आणि रोगातून वाचली आहे, तिचीच निवडावीत. पुष्कळ घरांत सर्वांत धष्टपुष्ट कोंबडा यात्रेला कापला जातो आणि मरतुकडा पैदाशीला उरतो. जवारी कोंबड्या वर्षागणिक लहान होत चालल्याची तक्रार करणाऱ्यांनी ही निवड आधी उलटवावी.

मांसासाठी कोंबडा कधी तयार होतो?

जवारी कोंबडा पाच-सहा महिन्यांत सव्वा ते दीड किलोचा होतो, गिरिराज त्याच वयात त्याच्या जवळजवळ दुप्पट भरतो. कापण्यापूर्वी आठ-दहा तास खाद्य बंद ठेवावे, पाणी चालू ठेवावे. प्रतिजैविक दिले असेल तर त्यावर सांगितलेला कालावधी उलटल्याशिवाय मांस किंवा अंडी खाऊ नयेत आणि विकूही नयेत.

विक्रीचे गणित सणावारावर चालते. गावातील लक्ष्मीच्या यात्रेआधी आणि आषाढात श्रावण लागण्यापूर्वी गावठी कोंबड्याला मागणी चढते, तर श्रावणात ती एकदम उतरते. बाजारात कन्नड गिऱ्हाईक ‘जवारी कोळी’ किंवा ‘नाटी कोळी’ (म्हणजे गावठी कोंबडी) विचारते. त्याला संकरित कोंबडा जवारी म्हणून विकू नये, कारण घरगुती पालकाचे गिऱ्हाईक विश्वासावरच परत येते.

विष्ठेचे खत थेट झाडांना घालावे का?

ताजी विष्ठा उष्ण असते आणि मुळे जाळते. तुसासह तिचा ढीग करून, अधूनमधून पाणी शिंपडून व उलथून दोन-तीन महिने कुजवावी आणि मग भाजीपाला, नारळ किंवा केळीला घालावी.

सरकारी मदत कोठे मिळते?

गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लसी आणि सल्ला मिळतो, तर बैलहोंगल तालुक्यातील मत्तिकोप्प आणि गोकाकजवळील तुक्कानट्टी येथील कृषी विज्ञान केंद्रांत शेतकऱ्यांसाठी प्रशिक्षणे होतात. राष्ट्रीय पशुधन अभियानातील कुक्कुटपालनाचे ५० टक्के अनुदान किमान हजार पैदाशी पक्ष्यांच्या प्रकल्पासाठी आहे. परड्यात दहा कोंबड्या पाळणाऱ्याने त्यासाठी दलालाला पैसे देऊ नयेत. लहान पालकांना पिल्ले वाटण्याच्या योजना वेळोवेळी निघतात. त्यांची चौकशी दवाखान्यातच करावी, आणि कन्नडमधील अर्ज भरण्यापूर्वी तो कोणाकडून तरी पूर्ण वाचून घ्यावा.